डिव्हिजन घरी पोचवायची होती

जपानमधल्या कावासाकी शहरातल्या त्या गेम कंपनीत आठव्या मजल्यावर इतकी थंडी पडली की केदारच्या चहावर बर्फाची साय धरली. हसू नका; ती चमच्यानं काढून त्यानं सिंकमध्ये टाकली.

थंडी येत होती शेजारच्या टेबलावरच्या प्रोग्रामरच्या, नचिकेतच्या स्क्रीनमधून. त्याच्या गेममध्ये इटलीची एक डिव्हिजन होती. डोंगरी पायदळ, सोबत खेचरं. डोंगरात लढायला शिकवलेली ही माणसं दुसऱ्या महायुद्धात रशियाच्या सपाट मैदानात नेऊन टाकलेली, आणि आता भर जानेवारीत वेढ्यातून पायी माघारी निघालेली. शुक्रवारच्या डेमोआधी त्यांतली काही तरी घरी पोचायला हवी होती. नाहीतर नचिकेतचं कॉन्ट्रॅक्ट गेलं, पाठोपाठ व्हिसा आणि उरायासु गावातलं भाड्याचं घरही.

पण एकही पोचेना. नचिकेतनं नियमच तसा लिहिला होता: कोणी पडला, तर शेजारच्यानं उचलायचा. उचलणारा दमून पडे, त्याला तिसरा उचली. शेवटी अख्खी डिव्हिजन एकमेकांना धरून उभ्या उभ्या गोठे.

"अरे, ही काय सोसायटीची सहल आहे?" केदार हातांवर फुंकर घालत म्हणाला. "सोडून द्यायला शिकव त्यांना."

"तूच लिही ना मग."

"मी? मला पोरंबाळं आहेत बाबा."

"मलाही आहेत."

"म्हणून तर तू लिहिशील."

टीमचे प्रमुख मोरी-सान ओव्हरकोटातच मागे येऊन उभे राहिले. "नचिकेत-सान, थोडी तरी पोचू देत," ते विनवणीच्या सुरात म्हणाले.

नचिकेतनं जुना नियम पुसला. नवा लिहिला: पडलेल्याला ओलांडून पुढे जायचं. रांग भराभर सरकली. मागे बर्फात काळे ठिपके राहिले. त्यांतले काही बराच वेळ हात हलवत होते. हे काही त्यानं लिहिलेलं नव्हतं.

उरलेले रेल्वे स्टेशनात पोचले, घरी नेणारी गाडी तिथं उभी होती. केदारनं टाळी वाजवली. पण गाडीत कोणी चढेना. सगळे डब्यांकडे पाठ करून आल्या वाटेकडे बघत उभे.

मोरी-साननी ओव्हरकोटाची कॉलर वर ओढली. मग म्हणाले, "डेमोत हे चालणार नाही."

नचिकेतनं आणखी एक ओळ लिहिली: मागे वळून पाहायचं नाही. माणसं निमूट चढली. चढली आणि बसली, आणि प्रत्येकानं शेजारच्या जागेवर रुमाल टाकून ती धरून ठेवली. अर्धी गाडी रुमालांनी भरली. मागे राहिलेल्यांच्या त्या जागा भरेनात, गाडी सुटेना.

केदारनं तोंड फिरवलं. नचिकेतनं डोळे पुसले आणि रुमाल उचलायचा नियम लिहायला घेतला.