बारावी तबकडी

माझ्याकडे गाण्याच्या बारा तबकड्या आहेत आणि त्यांतल्या अकरांवर माझाच आवाज आहे. कॉलेजात असताना हे मी छाती फुगवून सांगायचो. आता सांगतो ते स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते म्हणून.

नागपूरला बी.ए. करत होतो, त्या वर्षी मी मुंबईहून एक यंत्र मागवलं. ते ग्रामोफोनला जोडायचं आणि कर्ण्यात तोंड घालून गायचं, की ॲल्युमिनियमच्या कोऱ्या तबकडीवर आवाज कोरला जायचा. एका तबकडीवर अडीच मिनिटं मावत, आणि एकदा कोरलेलं पुसायची सोय नव्हती. लोखंडी सुईने आवाजच खरवडून निघे, म्हणून ऐकताना बाभळीचा काटा तासून लावायचा. उन्हाळ्याच्या सुटीत हे धूड घेऊन मी गावी, देऊळघाटला आलो. शेजारचा युसूफ माझ्याच वर्गात होता. पेटी तो वाजवायचा, यंत्राला किल्लीही तोच द्यायचा. महिनाभर आम्ही माझी रागदारी भरली. आता ती मलाच ऐकवत नाही.

शेवटची तबकडी उरली तेव्हा युसूफ म्हणाला, काकीचं हळदीचं गाणं भरू. काकी म्हणजे माझी आई, गोजरबाई. हळद दळताना बायका म्हणतात त्या गाण्याला आईने शेवटचं एक कडवं स्वतः जोडलं होतं, माझी थोरली बहीण रुख्मिणी हिच्या लग्नात. आक्का तेव्हा चौदा वर्षांची. जात्याशेजारी बसून ती इतकी रडत होती, की तिच्यासाठीच रचलेलं कडवं तिने ऐकलंच नाही. पुढे कितीही मागे लागलं तरी आई ते म्हणायची नाही. लेकीच्या हळदीचं ते, रोज थोडंच म्हणतात, असं तिचं म्हणणं. युसूफने गळ घातली म्हणून त्या दिवशी ती तयार झाली.

आई जाऊन सहा वर्षं झाली, युसूफ त्याच्याही आधी विषमज्वराने गेला. ‘आईचं गाणं माझ्याकडे आहे’ हे मात्र मी बुलढाण्यात वकिली करता करता अर्ध्या जिल्ह्याला सांगून ठेवलं होतं. झिजेल म्हणून ती तबकडी कधी लावली नाही. यंदा आक्काच्या लेकीचं, शालूचं लग्न ठरलं आणि संग्रामपूरहून आक्काचा निरोप आला, की तबकडी घेऊन ये, ते कडवं मला शालूच्या हळदीला म्हणायचं आहे.

हळद दळायच्या दिवशी दुपारी आक्काकडे जात्याभोवती बायका जमल्या. हळकुंडं सुपात तयार होती. मी काटा तासला, बसवला आणि तबकडी फिरवली.

आधी माझाच आवाज आला. गाणारीने पूर्ण नाव सांगावं, अशी माझी आज्ञा. बाजारातल्या तबकड्यांवर गाणारे आपलं नाव सांगतात ना, मग आमच्या घरी का नको? पूर्ण नावात बाबांचं नाव आलं. आई म्हणाली, “त्यायचं नाव असं कसं घेऊ बापा? ओसरीत बसून राह्यले ते.” यावर मी म्हणतो, मग उखाण्यात घे. तिने बिचारीने पदर तोंडाला लावून उखाणा घेतला. मी म्हणतो, ऐकू आलं नाही, पुन्हा घे. मागून युसूफ कुजबुजतो, “काकीले म्हणू दे ना बे.” मग एकदाची आईची पहिली ओळ आली. तीही मी तोडली, सूर चढा लागला म्हणून. तिने पुन्हा तीच ओळ धरली, अन् खर्र आवाज करत काटा मधल्या कागदावर गेला.

“पुढचं लाव,” आक्का म्हणाली.

“संपली.”

“संपली म्हंजे? आईनं पुरं गाणं म्हटलं म्हणून तूच सांगत होता ना?”

म्हटलं होतंच. तबकडी संपल्यावर आई हसली होती, जात्यापाशी जाऊन बसली होती आणि सगळं गाणं तिने म्हटलं होतं, त्या कडव्यासकट. युसूफचे डोळे भरून आले होते. तेच माझ्या डोक्यात बसलं आणि इतकी वर्षं मी समजत राहिलो, की ते तबकडीवर आहे.

आक्काला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा एकदम उजळला.

“मंग तू आयकलं असशीन. सांग ना, काय होतं?”

“मी कर्ण्याचे स्क्रू काढून राह्यलो होतो, आक्का.”

आक्का उठली. मग पदर खोचून जात्यापाशी बसली, शालूला जवळ घेतलं आणि गाणं सुरू केलं. आवाज आईसारखाच होता. एकेक नातं घेत ती शेवटापर्यंत आली आणि थांबली. बायका वाट पाहत राहिल्या. शालूही पाहत होती. आक्काने हळदीची मूठ जात्यात टाकली आणि दळू लागली.

मी तबकडी पाकिटात घालत होतो. मान वर न करता ती म्हणाली, “तुहा आवाज मात्र लय साफ आला, बापू.”