खुर्ची ओढायची वेळ

पक्षांचे वकील बोलायला लागले की कोर्टरूम लांबायची. एका वाक्याला एक फरशी. चोपदार धोंडीराम गुरव मधल्या न्यायमूर्तींच्या खुर्चीमागे उभा राहून हे रोज बघत होता, आणि आता त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

खटला तसा साधा. नव्या कायद्याने सरकारी तिजोरीतून राजकीय पक्षांना पैसा मिळणार होता, पण मागच्या निवडणुकीत ज्यांना भरपूर मतं पडली त्यांनाच. हे घटनेत बसत नाही असं म्हणणाऱ्या एकट्या कुमुद तांबट. संगमेश्वरच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, अकरा बायकांच्या पक्षाच्या अध्यक्ष. स्वतःची बाजू स्वतःच मांडत होत्या. त्या बोलल्या की एक फरशी कमी व्हायची. पण समोर मोठ्या पक्षांचे बारा वकील, आणि बाराही पट्टीचे बोलणारे.

आज मधले न्यायमूर्ती म्हणाले, "तुमचं म्हणणं एका पानावर लिहून इथे आणून द्या. कोर्ट उठेपर्यंत पोचलं नाही, तर याचिका फेटाळली असं समजा."

"आणते की," बाई दाराजवळच्या आपल्या जागेवरून म्हणाल्या, पान लिहिलं आणि न्यायमूर्तींच्या टेबलाकडे चालत निघाल्या. तेव्हा साडेअकरा वाजले होते.

दोन वाजता त्या मुंगीएवढ्या दिसत होत्या. वकील जेवणाच्या सुट्टीतही आळीपाळीने बोलत राहिले. इतक्या लांबीला छत पुरेना, म्हणून ते खाली येऊ लागलं. शिपायांनी पंखे उतरवून भिंतीला लावले. धोंडीरामने पागोटं काढून काखेत धरलं. बाई वाकून चालू लागल्या, पण थांबल्या नाहीत. चालता चालता मुद्दे मांडत होत्या, आणि मधूनच "मागच्या बाकावर ऐकू येतंय ना?" असं विचारत होत्या.

सव्वीस वर्षांत धोंडीरामने नावाजलेले वकील पाहिले होते. इतकं चिवट माणूस पाहिलं नव्हतं.

"अहो चोपदार, किती वाजले?" लांबून आवाज आला.

"चार पंचवीस, बाई."

"मग पुष्कळ वेळ आहे."

साडेचार वाजले. चोपदाराने खुर्ची मागे ओढली की मधले न्यायमूर्ती उठतात, आणि ते उठले की कोर्ट उठतं. खुर्ची ओढल्याशिवाय त्यांना उठता येत नाही. इतक्या वर्षांत त्याचं एक मिनिटही इकडचं तिकडे झालं नव्हतं.

"धोंडीराम," न्यायमूर्ती हळूच म्हणाले.

"जी साहेब."

"खुर्ची."

धोंडीरामने खुर्चीवरचे हात काढले आणि पाठीमागे बांधले. न्यायमूर्तींनी टेबलावर तळवे टेकून जोर लावून पाहिला. मग ते नीट बसले आणि समोर बघू लागले.

बाई आता टेबलापासून बारा फरश्यांवर येऊन पोचल्या होत्या. एका हातात पान, दुसऱ्या हातात झिजून गेलेल्या चपला. त्यांनी पाऊल उचललं, आणि बाराही वकील बोलायला एकदम उभे राहिले.