माहेरी ठेवलेली डिस्क

समुद्रपूरच्या बसस्टँडसमोर डोमाजींचा फोटो स्टुडिओ होता. उभी हयात त्यांनी निगेटिव्हवर काढली. २००५ साली मुलाने, निकेशने, डिजिटल कॅमेरा आणला आणि तालुक्यातली सगळी लग्नं काँप्युटरच्या डब्यात जाऊन बसली. तो डबा सांभाळायचं काम सुनेच्या, प्रेरणाच्या गळ्यात पडलं, कारण घरात दुसऱ्या कुणाला माऊस धरता येत नव्हता.

प्रेरणाला एकच धास्ती होती. डबा बिघडला, चोरीला गेला, तर लोकांची लग्नं कुठून आणायची? तिने भांडून एक वेगळी हार्डडिस्क घ्यायला लावली. जामला राहणारी तिची आई आठवडी बाजाराला यायची, तेव्हा डिस्क पिशवीतून घेऊन यायची. प्रेरणा नवे फोटो तिच्यात उतरवायची आणि भाजीबरोबर डिस्क परत जामला जायची. दुकानाला काही झालं तरी फोटो वाचले पाहिजेत, एवढंच तिला हवं होतं. पण सुनेनं शहाणपणा केला की सासरच्या पोटात दुखतंच.

"दुकानची लक्ष्मी सुनेच्या माहेरी काऊन ठेवाची?" डोमाजी म्हणायचे. "लोकं हासतीन ना!"

दोन वर्षं हे असं कुरकुरत चाललं. मग एका दिवाळीत त्यांनी फर्मान काढलं, "लक्ष्मीपूजनाले सगळं पायजे. कॅमेरा, काँप्युटर अन् ते डिस्कही. घेऊन येजो."

"मामाजी, दोन्ही एका जागी नाई ठेवाव. पूजा झाली का डिस्क वापस पाठवून देऊ."

"मांडलेली पूजा सकाळपर्यंत हालवत नसतात. एवढंही शिकवलं नाई का तुह्या मायनं?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. निकेश म्हणाला, "एका रातीनं काय होते?" माय काढल्यावर प्रेरणाचा धीर सुटला. तिने डिस्क आणवली, पुसली आणि स्वतःच्या हाताने तिला हळदकुंकू लावलं. त्या हाताचा राग तिला पुढे कितीतरी दिवस येत राहिला.

दिवा रात्रभर तेवत ठेवायचा असतो. तो तेवत ठेवून, शटर ओढून सगळे घरी फराळाला गेले. उंदराने पेटती वात पळवली, की ज्योत झेंडूच्या माळेला लागली, देव जाणे. सकाळी शटर वर केलं तर आत सगळी राखरांगोळी. काँप्युटर गेला, कॅमेरा गेला. पाटावर लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी डिस्क वितळून पाटालाच चिकटली होती.

गिऱ्हाइकं यायला लागली. पहिल्याच माणसाला डोमाजींनी डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, "दुसरी कॉपी होती ना. सूनबाईनं माहेरी ठेवलती, जामले. तिकडंच गहाळ झाली."

प्रेरणा मागे राख भरत होती. घमेलं खाली ठेवून तिने निकेशकडे पाहिलं. निकेशने मान वर केली नाही. घरी आल्यावर तिने जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, "बाबाची इज्जत राहू दे. तुह्या माहेरचं काय जाते?"

काय जातं, ते आठवड्याभरात कळलं. आईचा फोन आला. "गिरडकडची आनंदाबाई आली आहे. सकाळपासून ओट्यावर बसून राह्यली. फोटो घेतल्याशिवाय नाई जात म्हनते."

आनंदाबाईच्या पोराचं, तानबाचं, लग्न त्याच उन्हाळ्यात झालं होतं आणि पोळ्याच्या आधी तो हायवेवर ट्रकखाली गेला. लग्नाखेरीज त्याचा फोटो कुणी काढलाच नव्हता, आणि लग्नाचा अल्बम दुकानातून न्यायचा राहूनच गेला होता.

प्रेरणा जामला गेली. म्हातारीशेजारी बसून तिने काहीएक न लपवता सगळं सांगितलं, पूजा, दिवा, डिस्क. सासऱ्याची इज्जत गेली खड्ड्यात, असं तिला त्या घडीला वाटलं.

आनंदाबाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"लक्ष्मीच्या दिव्यानं आग लागत नसते, बाई," ती म्हणाली. "आपलं पाप देवावर काऊन घालून राह्यली? मी भांडाले नाई आली. माह्या पोराचा एक फोटो दे. बाकीचे ठेवा तुमच्याजवळ."

प्रेरणाची आई उठली. घरातल्या पेट्या एकेक करून तिने ओट्यावर आणल्या आणि म्हातारीपुढे उघडून ठेवल्या. आनंदाबाई खरोखरच एकेक लुगडं झटकून बघू लागली.