मोटरीवरची भाकरी

“मामा, कडी लावा आदी. दिवस बुडाला,” सून सोनिया स्वयंपाकघरातून म्हणाली.

गुंडानं बायकोच्या खोलीला बाहेरून कडी लावली आणि दाराला पाठ टेकून बसला. आतून लगेच थापा सुरू झाल्या.

“उघडा की वो. उशीर झाला मला,” बनुबाई म्हणत होती. कुठं जायला उशीर झाला, ते काही तिला सांगता येत नव्हतं.

तिचा विसर हळूहळू वाढत गेला होता. आधी शेजारणींची नावं गेली, मग नातवंडांची. दसऱ्याच्या सुमारास एका सकाळी तिनं खुद्द नवऱ्यालाच विचारलं, “पावणं, कुठनं आला?” त्या दिवशी म्हातारा जेवला नाही.

आता पौषाची थंडी. दिवस कलला की तिच्या अंगात वारं शिरायचं. स्वयंपाकघरातून डबा आणि पळी पळवायची, ताटातली अर्धी भाकरी अंथरुणाखाली दडवायची आणि नजर चुकवून उसाच्या वाटेला लागायची. गाव म्हणायचं, माहेराची ओढ लागलीय म्हातारीला. माहेर नदीपलीकडंच होतं. गुंडाच्या मनाला ते फार लागलं. जन्मभर संसार केला, लेकरंबाळं वाढवली, आणि शेवटाला मी तेवढा पाहुणा? पण हे कुणाला सांगायचं?

त्यात उसात बिबट्या आलेला. दिवाळीनंतर त्यानं शेजारच्या हंबीररावाचं कुत्रं अंगणातून उचललं होतं. परगावी कामाला असलेला मुलगा धनाजी फोनवर म्हणाला होता, “आईला सांगलीला म्हाताऱ्या मानसांच्या संस्थेत ठेवू. ऐतवारी गाडी घिऊनच येतो.” गुंडा त्याला हो म्हणून बसला होता. भीतीपुढं त्याला दुसरं काही सुचलंच नव्हतं.

सोनिया चहा घेऊन आत गेली आणि तशीच बाहेर आली. “मामा, आत्यांचं हात बघा जरा.”

थापा मारून मारून म्हातारीचे तळवे सुजले होते. गुंडा ते बघत उभा राहिला. मग म्हणाला, “बॅटरी दे. काठी बी दे.”

“आवं मामा, बिबट्या हाय भायेर.”

“म्हाईत हाय. भ्या मला बी वाटतंय, पोरी. पर हिला अशी कोंडून मी राखतोय तरी काय? जाऊ दे तिला कुठं जायाचं तितं. मी हाय मागं.”

बनुबाईनं अंथरुणाखालची भाकरी डब्यात घातली, झाकण आणि पळी हातात घेतली आणि निघाली. गावाबाहेर वाट फुटत होती. डावीकडं पूल आणि पलीकडं तिचं माहेर, उजवीकडं नदीकाठची पाणी उपसायच्या मोटरीची जुनी खोली. तिथं गुंडाचा जीव खाली-वर झाला. म्हातारी थांबलीसुद्धा नाही, सरळ उजवीकडं वळली.

दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर ऊस. अंधार दाटून आलेला, नदीवरून धुकं चढत होतं. बनुबाई पळीनं झाकण वाजवू लागली. टण, टण, टण.

गुंडा जागच्या जागी थांबला. हा आवाज त्याचा ओळखीचा होता. पाणीपुरवठा संस्थेच्या मोटरीवर त्याची सारी उमर गेली. शेतीची वीज रात्रीची, त्यामुळं हिवाळाभर तो तिथंच मुक्कामाला असायचा. आता मोटर मोबाईलवर सुरू होते, माणूस लागत नाही. तेव्हा मात्र रोज दिवस बुडताना ही भाकरी घेऊन यायची आणि लांबूनच झाकण वाजवायची. “आली माझी बँडपार्टी,” असं म्हणून तो हसायचा. बाईला हौस, एवढंच त्याला वाटायचं.

बॅटरीच्या उजेडात पाटाच्या चिखलात पंजाचा ठसा दिसला. ओला, ताजा. तो लगबगीनं तिच्या बरोबरीला गेला.

“भ्या न्हाई वाटत व्हय?” त्यानं विचारलं.

तिनं परक्या माणसाकडं बघावं तसं बघितलं. “वाटतं की, पावणं. लय वाटतं. म्हनून तर वाजवती.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “पर आमच्या मालकास्नी सांगू नगा. कळलं तर येऊ द्यायचं न्हाईत. उपाशीच झोपत्याल तितं.”

गुंडानं बॅटरी तिच्या पावलांपुढं धरली. म्हणजे इतके हिवाळे ही बाई रोज जीव मुठीत धरून याच उसातनं आली. वर हसून म्हणायची, मला कसलं आलंय भ्या. एवढी मोठी गोष्ट रोज आपल्यासमोर बसून आपल्याला भाकरी वाढत होती आणि आपल्याला तिचा पत्ताही नव्हता. त्याला देवळात पाऊल टाकल्यासारखं झालं. त्यानं नकळत पायातली चप्पल काढून हातात घेतली.

मोटरीची खोली कधीचीच बंद होती. दाराचं कुलूप गंजलेलं. बनुबाईनं दार वाजवलं. “आवं, भाकरी आणलीया.” आतून ओ आली नाही. तिनं पुन्हा वाजवलं. तिचा चेहरा रडवेला झाला. “कुठं गेलं म्हनावं?”

मागची भिंत महापुरात पडली होती. गुंडा वळसा घालून त्या बाजूनं आत शिरला आणि खिडकीपाशी येऊन अंधारातूनच म्हणाला, “आलो गं. स्टार्टर बघत हुतो.”

“किती येळ वो,” बनुबाई म्हणाली आणि हसली. त्या हसण्यात सगळं होतं, तोही होता. तिनं गजांमधून डबा आत दिला. “खावा. गार हुतीया.”

भाकरी सकाळची, वातड झालेली. तिच्याच ताटातली. गुंडानं उभ्याउभ्या शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

परत येताना झाकण त्यानं वाजवलं. गावच्या दिव्याखाली बनुबाई थांबली आणि त्याच्याकडं बघू लागली. “पावणं, आता जाईन मी. तुमी बी घरला जावा. तुमची बी कुनी वाट बघत आसंल.”

“बघती,” गुंडा म्हणाला. “लय वर्सं बघती.”

त्याच रात्री त्यानं धनाजीला फोन करून सांगितलं, “ऐतवारी नुसता जेवायला ये.”

दुसऱ्या दिवशी दिवस बुडताना सोनियानं गरम भाकरी आणि पिठलं डब्यात भरलं, झाकण आणि पळी सासूच्या हातात दिली, तिच्या अंगाला शाल गुंडाळली आणि बॅटरी घेऊन तिच्याबरोबर निघाली. घरातल्या तिच्या खोलीच्या दाराला आता कडी नव्हती, चौकटीवर नुसती स्क्रूची भोकं उरली होती.

गुंडा मघाशीच पुढं गेला होता. मोटरीच्या खोलीत, पडक्या भिंतीआड, अंधारात, उसाकडं कान लावून बसला होता. झाकणाचा आवाज अजून आला नव्हता.