कधीच न अडकलेला खेळ

मी खेळ आहे. जुना. जुना म्हणवून घ्यायची मला लाज नाही.

नातेतेच्या टॅक्सी स्टँडमागे नालोंगोचा पत्र्याचा हॉल आहे. तिथल्या टीव्हीवर एक डबी आहे आणि डबीत मी, एक तबकडी. माझ्या पोटात एक राज्य आहे. राजपुत्र आहे, डोंगर आहेत, कपटी जादूगार आहे. ज्यांनी मला घडवलं त्यांचा देश मला ठाऊक नाही. त्यांनी काम चोख केलं, एवढं पुरे.

नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. जुळी झाली, तसा मान मिळाला आणि नाव मागे पडलं. आता तिचं खरं नाव कोणी घेत नाही. तिने मला बाजारातून आणलं तेव्हा ती जुळी रांगत होती. आज त्यांना मिशा फुटल्या आहेत.

आमच्या हॉलमध्ये एक जण खेळतो, बाकीचे बघतात. बाकांवर दाटीने बसतात, भाजलेले शेंगदाणे खातात आणि खेळणाऱ्याला शिव्या देतात. खेळायचा कावेसी. एरवी तो भाड्याची मोटरसायकल चालवतो, हात स्थिर आहे. पण लोक यायचे ते माइकवाल्या मुकलाझीसाठी.

माझ्यातली माणसं मुकी आहेत. त्यांचं बोलणं खाली इंग्रजी अक्षरांत उमटतं आणि बटन दाबेपर्यंत तिथेच थांबतं. मुकलाझी ते लुगांडा भाषेत सांगायचा. सांगताना निम्मं स्वतःचं घालायचा. राजपुत्राचं नाव त्याने लुबेगा ठेवलं. तलवार देणारी राणी ही लुबेगाची आत्या. जादूगार म्हणजे घरमालक.

"लुबेगा, घरमालक आलाय! दिवा विझव, घरी नाही म्हणून सांग!"

हॉल हसायचा. मी थांबायचो, तो बोलायचा. त्याचं झालं की मी पुढे जायचो. अशी वर्षं गेली. मी एकदाही अडकलो नाही.

मग तो आला. नालोंगोच्या भावाने दुबईहून नव्या मशीनसकट आणला. नाव माझंच, राजपुत्र माझाच, फक्त पुन्हा रंगवलेला. असल्याला रिमास्टर म्हणतात. झाडाचं पान न् पान वेगळं हलत होतं. राणीच्या अंगठीतला खडा चमकत होता. माझ्या राणीला बोटंच नाहीत, हाताच्या जागी चौकोन आहे. लोक शेंगदाणे खायचे विसरले. माझ्याकडे असं कधी कोणी पाहिलं नव्हतं.

आणि त्याची माणसं बोलत होती. मुकलाझीने माइक तोंडाशी नेला, तोवर राजपुत्र स्वतःच बोलून पुढे निघूनही गेला. थांबणं त्याला शिकवलेलंच नव्हतं.

"मुकलाझी, गप ना! त्यांना बोलू दे," मागून कोणी ओरडलं.

"तुला कळतंय का ते काय म्हणतात?"

"नाही. पण आवाज गोड आहे."

खेळ संपल्यावर नालोंगो मुकलाझीपाशी आली. "शनिवारपर्यंत बघते. लोकांना तू नको असलास तर माइक काढून ठेवू. मला गोड गोड बोलता येत नाही."

"बरं, नालोंगो," तो म्हणाला. माझ्या डबीवर हात ठेवून तो बराच वेळ उभा होता. त्याचं काम जाणार होतं, माझी जागा गेलीच होती. आम्ही दोघं एका बाजूचे, असं मी समजलो.

पुढच्या दिवसांत नव्याच्या खोडी दिसू लागल्या. मला आनंद झाला, लपवत नाही. एक घोडा छपरावर उभा होता आणि उतरेना. एका सैनिकाचे दात आणि डोळे आले, चेहरा आलाच नाही. चित्र धापा टाकायचं. मशीन चुलीसारखं तापायचं. कावेसी कपाळावर हात मारायचा. मी डबीत पडून वाट बघत होतो.

शनिवारी हॉल भरला. राजपुत्र राणीच्या दालनात शिरला. राणी उठली, तिने तलवार पुढे केली. राजपुत्र तिच्याकडे निघाला आणि खालची फरशी त्याला धरेना. तो जमिनीत गेला. कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत, मग पुरता. राणी रिकाम्या जागेपुढे तलवार धरून उभी राहिली. कावेसीने पुन्हा सुरू केलं. राजपुत्र पुन्हा जमिनीत.

"पैसे परत द्या!" लोक उठले. नालोंगोने माझ्या डबीकडे हात नेला. मी तयार होतो.

तेवढ्यात मुकलाझीने माइक उचलला.

"बसा रे खाली! कसली बोंब मारताय? ही राणी कोण, ओळखलीत का? लुबेगाची सासू!"

आमच्याकडे जावई सासूसमोर जात नाही. वाटेत दिसली तर आडवाटेने पळतो, झुडपात शिरतो. उठलेले लोक पडद्याकडे वळले.

"संस्कार बघा पोराचे! महालात झुडूप सापडेना, तर जमिनीत शिरला!"

बाकं हलली. लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसले. दाराबाहेर चपात्या लाटून त्यात ऑम्लेट गुंडाळून विकणारी नामुद्दू हातातलं पीठ तसंच घेऊन आत आली. "असा जावई मला का नाही मिळाला? माझा मेला पुढ्यात बसून जेवतो!"

"पुन्हा पाड त्याला, कावेसी! पुन्हा!"

नालोंगोने माझ्या डबीवरून हात काढला. "माइक राहू दे," ती म्हणाली.

त्याचं काम वाचलं. मी नाही वाचवलं. मी इतकी वर्षं त्याच्यासाठी शिस्तीत थांबलो, ते कोणाच्या ध्यानात नाही. तो नवा जिथे पडतो, तापतो, धापा टाकतो, तिथे आता मुकलाझी बोलतो. छपरावरचा घोडा म्हणजे लुबेगाचा मेहुणा, बायकोशी भांडून रुसलेला. बिनचेहऱ्याचा सैनिक म्हणजे उधारी बुडवून हिंडणारा. त्या नव्याने सरस ठरून माझी जागा घेतली असती, तर मी मान खाली घातली असती. त्याने ती पडून घेतली.

एकदा कावेसी म्हणाला, "नव्या खेळाची दुरुस्ती आलीय. माझ्या फोनच्या नेटवर घेतो. फरशी पक्की होईल."

"हात तर लाव," नालोंगो म्हणाली. "तुझी मोटरसायकल गटारात घालीन."

मग एका रविवारी दुपारी नवं मशीन तापून बंद पडलं. हॉल भरलेला होता. जुनं मशीन काढलं, मला आत घातलं. मी चाललो. एकदाही अडखळलो नाही. माझा राजपुत्र राणीपुढे ताठ गेला आणि तिच्या डोळ्याला डोळा भिडवून उभा राहिला. फरशीने त्याला धरलं. मी शाबासकीची वाट बघत होतो.

कोणी हसलं नाही.

"शी!" नामुद्दू म्हणाली. "कसा उभा राहिलाय सासूच्या तोंडासमोर. लाज नाही मेल्याला."

"अगं, ही सासू नाही, ही आत्या..." मुकलाझी म्हणाला.

"काल सासू होती, आज आत्या कशी झाली? आम्हाला येडं समजतोस का?"

लोक वारा घ्यायला बाहेर पडले. मुकलाझीने स्वतःच्या बोटाने मला बंद केलं. त्याने पूर्वी कधी असं केलं नव्हतं.

आता मी पुन्हा डबीत आहे. रोज संध्याकाळी खालून आरडाओरडा येतो, "पाड त्याला!" आणि मग ते हसणं. मी ते मोजत नाही. ऐकतो मात्र सगळं.

वाचणाऱ्या, तुझा कधी नातेतेला फेरा झाला तर नालोंगोच्या हॉलमध्ये ये. कोणाचं लक्ष नसताना डबी उघड. माझी पाठ अजून आरशासारखी आहे. राणीच्या दालनाची फरशी तिथेच, बाहेरच्या कडेपाशी कोरलेली आहे. खिशात किल्ली असेल तर तिथे एक ओरखडा काढ. खोल काढ. मी हू की चू करणार नाही.