कोळशाच्या गावातलं हिरवं

थांबा थांबा, ती घासणी आधी खाली ठेवा! मी शेवाळ बोलतोय. हो, शेवाळच, पण तुमचा पाय घसरवणारं ते बुळबुळीत शेवाळ म्हणजे मी नव्हे. त्याला बोटांत चोळलं की लगदा होतो. मला चोळून बघा. मला देठ आहे, आणि देठाच्या दोन्ही अंगांना ओळीनं बारीक पानं आहेत. भिंगातून पाहिलंत तर पिसासारखी दिसतील. स्वतःचं कौतुक स्वतः करू नये म्हणतात, पण दुसरं कोणी करायला तयार नसलं तर काय करायचं?

माझा जन्म बेज्जूरच्या जंगलातल्या एका ओढ्यात, दगडावर झाला. वर गर्द सावली, खाली थंड वाहतं पाणी. पंच्याऐंशी सालच्या सुमारास विमलबाई आपल्या बहिणीकडे, सोजरबाईकडे आल्या होत्या. दोघी ओढ्यावर लुगडी धूत होत्या. विमलबाईंचं धुणं राहिलं बाजूला, त्या आपल्या दगड उलटेपालटे करत बसल्या.

"काय शोधून राह्यली व?" सोजरबाईंनी विचारलं.

"अंधारातबी जगते असं हिरवं काई भेटते का पाह्यतो."

बाई होत्या नेरडीगोंड्याकडच्या, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातल्या. लग्न होऊन आल्या बेल्लमपल्लीला, कोळसा खाणीच्या क्वार्टरात. एक खिडकी, तीही शेगडीच्या धुरानं काळवंडलेली. अंगणात मेथी टाकली तर पानांवर कोळशाची भुकटी बसायची. बायकोचा जीव रमावा म्हणून सुधाकररावांनी नागपूरहून माशांची काचपेटी आणली, रेल्वेत मांडीवर धरून! मासे जगले, पण सोबत आणलेल्या पाणवनस्पती महिन्याभरात कुजल्या. "ह्या घरात हिरवं टिकतच नाई," असं सगळे म्हणू लागले. बाईंना तेवढंच तर हवं होतं, त्या घरात एक हिरवी जिवंत गोष्ट.

ओढ्यावरून त्यांनी तीन प्रकारचं हिरवं नेलं आणि लोणच्याच्या तीन बरण्यांत वेगवेगळं ठेवलं. माझ्या एका शेजाऱ्यानं आठवड्यात सगळं पाणी हिरवं करून टाकलं. तो निघाला बुळबुळ्यांच्या जातीचा. दुसरा काठावरचा होता, बुडवल्यावर तपकिरी पडला. मी मात्र जसाच्या तसा! बाईंनी मला गालाशी धरलं. खोटं सांगत नाही, ओढ्यातही मला इतका मान मिळाला नव्हता.

मग माशांच्या पेटीतल्या दगडावर ठेवून त्यांनी मला दोऱ्यानं सैलसर बांधलं, वेणीला गजरा बांधावा तसं. दोरा कुजेपर्यंत मी स्वतःच दगड घट्ट धरला. उन्हाळ्यात पेटीभोवती त्या ओलं पोतं गुंडाळायच्या. मी फार हळू वाढतो हो, पण बाईंनी कधी घाई केली नाही. माझ्या जाळीत गप्पी माशांची पिल्लं लपायला लागली, तेव्हा शेजारपाजारच्या बायका बघायला आल्या.

सासूबाई मथुराबाई तेवढ्या नाक मुरडायच्या. "घरात शेवाळ पोसते, बाप्पा! लोक काढून फेकतेत."

पुढल्या पावसाळ्यात बाई माहेरी गेल्या. नळाला गढूळ पाणी येत होतं. घरोघरी करतात तसं मथुराबाईंनी पिण्याच्या हंड्यात तुरटी फिरवली, आणि त्यांची नजर गेली माशांच्या गढूळ पेटीकडे. "मानसाले नितळ पानी, अन ह्या लेकरायनं काय घोडं मारलं?" म्हणत त्यांनी तुरटीचा खडा पेटीतही फिरवला. फिरवला तो फिरवला, वर तिथेच सोडून दिला. मायाच ती! दुसऱ्या दिवशी पाणी आरशासारखं स्वच्छ. सगळा गाळ माझ्या अंगावर, पाणी आंबट, आणि मासे उताणे. मी तपकिरी पडलो, मग पांढरा.

बाई परत आल्या. पेटीत हात घालून त्यांनी मला चाचपलं.

"टाकून दे," सुधाकरराव हळूच म्हणाले. "कोळशानं काळ्या झालेल्या मानसायचं घर हाये हे."

मथुराबाई पुढे आल्या. म्हणाल्या, "मीच मारलं व विमल. तुयं हिरवं म्या मारलं."

बाई आत वळल्या. दाराआड जाऊन पोटभर रडल्या, डोळे पुसले आणि मला पांढऱ्या ताटलीत घेऊन उजेडात बसल्या. कोंबडीच्या पिसानं एकेक देठ साफ करू लागल्या. थोड्या वेळानं मथुराबाईही दुसरं पीस घेऊन शेजारी येऊन बसल्या. दोघींच्या माना वाकलेल्या, माझ्यावर. अखेर सापडला एक शेंडा, ज्वारीच्या दाण्याएवढा, पण हिरवा!

"आत्याबाई, जिता हाये हा!"

"मंग पानी मी आनतो," मथुराबाई उठल्याच. "नळाचं नोको. देवळाच्या हिरीचं आनतो."

आणि त्या आणत राहिल्या. गुडघे दुखायचे, वाटेत दोनदा बसायच्या, पण कळशी दुसऱ्या कोणाला देत नसत. बाई बांधायच्या, छाटायच्या. मथुराबाई पाणी घालायच्या. वर्ष गेलं आणि मी सगळा दगड झाकला. क्वार्टरातल्या कितीतरी घरांत माझी चिमूट गेली. डोमाजी नावाचे एक खाणकामगार तर पाळी संपली की काळ्या तोंडानं थेट माझ्यापुढे येऊन उभे राहायचे. "डोळे निवतेत," म्हणायचे.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात सुधाकरराव निवृत्त झाले आणि सगळे आपल्या मूळ गावी, तेही नेरडीगोंड्याकडचंच, निघाले. काचपेटी तिथेच एका शेजाऱ्याला दिली. मला स्टीलच्या डब्यात घालून मथुराबाई बसमध्ये बसल्या, डबा मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, "डब्बे में क्या है, अम्मा?"

"झाड हाय," म्हातारी ठसक्यात म्हणाली.

गावी पोचलो आणि माझा जीव दडपला. दारापासून नजर पोचेल तिथवर कपाशी, ज्वारी, बांधावर गवत, कुंपणावर वेल. हिरवं म्हणजे किती! आता चिमूटभर शेवाळाला कोण विचारतो? रात्रभर घंगाळात पडून मी तोच विचार करत होतो.

उजाडताच विमलबाई बाहेर आल्या. शेताकडे पाहत बराच वेळ उभ्या राहिल्या. मग वळल्या, घंगाळाशी उकिडव्या बसल्या आणि माझ्यावरून बोट फिरवलं.

"बाहीरचं हिरवं पावसानं केलं," त्या म्हणाल्या. "तुले म्या जगवलं."

मागून मथुराबाईंचा आवाज आला, "अन पानी कोनं आनलं व?"

दोघी इतक्या हसल्या की सुधाकरराव बाहेर धावत आले.

आता मी विहिरीजवळच्या सिमेंटच्या टाक्यात सुखात आहे. कुणाला हवा असेन तर चिमूटभर खुशाल न्या. मात्र घरी बांधायला एक माणूस आणि पाणी आणायला एक, अशी दोघं असतील तरच न्या. एकट्याच्या हातानं मी जगत नाही.