बाबांचा चाकू सुधारला

मास्तरीणबाईंच्या नवऱ्याकडे अठरा चाकू होते आणि लिंबू चिरायला एकही नव्हता. सगळे घडीचे, कारखान्यातून हजारांनी बाहेर पडणारे, आणि सगळे ह्यानं खोलून, घासून, मुठी बदलून ‘आपले’ केलेले. एकाला अक्रोडाच्या लाकडाची मूठ, एकाला निळी, एकाच्या पात्यावर स्वतःचं आद्याक्षर. बाईंनी एकदा त्यातला एक लिंबासाठी मागितला, तर नवरोबा किंचाळला, “वेडी आहेस का? पात्याला डाग पडेल!” मग चाकू कशासाठी असतो हो, पापे घ्यायला?

रविवारी ह्याचे दोन मित्र यायचे. एक दाढीवाला, एक चष्मेवाला. तिघं घोडे जेवणाचं टेबल अडवून बसायचे, बारीक पेचकसानं स्क्रू पिळायचे, पाती खटाखट उघडायचे, मिटायचे आणि एकमेकांना ‘वा उस्ताद’ म्हणायचे. दुकानातून आणलेला चाकू तसाच वापरणाऱ्या माणसांची त्यांना कीव यायची. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, दुसरं काय! बाई शाळेच्या वह्या घेऊन आतल्या खोलीत जायच्या. नवरा दारू पीत नाही, जुगार खेळत नाही, तेव्हा खेळू दे बापड्याला, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

पण ह्याची नजर बाबांच्या चाकूवर गेली.

बाबा म्हणजे बाईंचे वडील. अर्धांगवायूनं उजवा हात लुळा पडल्यापासून लेकीकडेच राहत होते. सुरुवातीला लेक फळं चिरून पुढे ठेवायची, तर म्हातारा तोंड फिरवायचा. मग त्यांनीच शक्कल काढली. लाकडी फळीत दोन खिळे ठोकून घेतले, त्यांच्या टोकांवर सफरचंद रोवायचं आणि डाव्या हातानं कापायचं. चाकू त्यांचा जुनाच, छापखान्यात गठ्ठ्यांच्या सुतळ्या कापून कापून इतका ढिला झालेला की अंगठ्यानं नुसतं ढकललं की पातं बाहेर. सकाळी ते फळी घेऊन बसले की तासभर घरात कुणी आजारी नसायचं. वेड्यावाकड्या फोडी व्हायच्या. त्यातली एक ते लेकीला द्यायचे, “घ्या मास्तरीणबाई,” म्हणत, आणि बाई शाळेला उशीर होत असला तरी ती उभ्या उभ्या खायच्या.

“बाबांचा चाकू लटलटतो,” नवरोबा म्हणाला. “बघवत नाही मला.”

आणि नेला की उचलून! वाईट बुद्धीनं नाही, प्रेमानं. तेच तर डोक्यात जातं. पुढच्या रविवारी मित्रांसमोर चाकू बाबांच्या हातात ठेवला. काळीभोर नवी मूठ, त्यावर बाबांचं आद्याक्षर, पात्यात तोंड दिसावं असं पॉलिश. पात्याच्या सांध्यातल्या झिजलेल्या चकत्या काढून नव्या घातलेल्या, स्क्रू गच्च आवळलेला. पातं आता केसभरही लटलटत नव्हतं.

बाबांनी डावा अंगठा लावला. निसटला. पुन्हा लावला, दाबला. पातं ढिम्म.

“छान झालाय हो, जावईबापू,” ते म्हणाले. चाकू खिशात टाकला आणि फळी हळूच लेकीकडे सरकवली. “आज तूच काप, पोरी.”

मित्र गेल्यावर बाईंनी नवऱ्याला गाठलं. “अहो, तो स्क्रू सैल करा.”

“सैल?” जणू कुणी शिवी दिली. “मी खास गोंद लावलाय त्याला. तो आता जन्मात सुटायचा नाही.”

“मग जुन्या चकत्या घाला परत.”

“त्या कचऱ्यात गेल्या. झिजून कागद झाल्या होत्या नुसत्या.”

पालथ्या घड्यावर पाणी! बाईंनी बाजारातून तसलाच दुसरा चाकू आणला, पण नवा चाकू तेवढाच घट्ट. तो ढिला व्हायला एक आख्खी नोकरी जावी लागते, आणि बाबांकडे आता तेवढी वर्षं कुठली? सकाळी त्या स्वतः फोडी करून बशी पुढे ठेवायला लागल्या. सुबक, एकसारख्या फोडी. बाबा म्हणायचे, भूक नाही. रागानं बाईंना रडू फुटायचं, आणि त्या अठरा चाकूंची मोळी बांधून विहिरीत टाकावीशी वाटायची.

पुन्हा रविवार आला. चष्म्यातून बघत चष्मेवाल्यानं विचारलं, “काय काका, चाकू कसा चाललाय?”

“वापरतात कुठे!” बाबांच्या आधी नवरोबाच बोलला. “जिवापाड जपतात. खिशातून बाहेर काढत नाहीत.”

“हो, हो,” बाबा म्हणाले.

आता मात्र बाईंचा तोल सुटला. “जपत नाहीत! उघडत नाही त्यांना! डाव्या हातात तेवढा जोर नाही. एक काम उरलं होतं त्यांचं स्वतःचं, एकच, ते तुम्ही काढून घेतलंत. कळतंय का काही?”

नवरोबानं क्षणभर बायकोकडे पाहिलं, मग वाकून बाबांच्या खिशातून चाकू काढला आणि धडधाकट उजव्या हाताचा अंगठा लावला. खट्! पातं लखलखलं.

“उघडतोय की!” तो म्हणाला.

“लोण्यासारखा,” दाढीवाला म्हणाला.

तिघंही समजावणीच्या चेहऱ्यानं बाबांकडे बघायला लागले. बाबांनी आपला डावा हात टेबलावरून उचलून मांडीवर घेतला.

“खरंच की,” ते म्हणाले. “माझंच काहीतरी चुकत असेल.”